चित्राची पाठ

कुणीही चित्र दाखवलं की सुमनताई ते आधी उलटं करत. कागदाच्या पाठीवरून बोट फिरवत, उजेडात तिरपा धरून बघत आणि मग सावकाश सुलटा करत. कोथरूडच्या सोसायटीत आम्ही राहायला आलो, त्याच आठवड्यात मी त्यांना माझ्या मुलीने काढलेला गणपती कौतुकाने दाखवला. त्यांनी पाठ चाचपली आणि म्हणाल्या, "सोंड खोडून पुन्हा काढलीय. चांगली आहे. पुढून सगळेच गोड बोलतात हो, खरं काय ते मागे कळतं." हे त्या चित्राबद्दल बोलल्या की माझ्याबद्दल, ते मला आजही सांगता येणार नाही.

त्या कला महाविद्यालयात शिकवून निवृत्त झाल्या होत्या. घरात एकट्या, आमच्या समोरच्या फ्लॅटमध्ये. त्यांच्या चित्रांचा विषय एकच, समोरच्या इमारतीच्या बाल्कन्यांत वाळत घातलेले कपडे. साध्या पेन्सिलीने, पण पलंगावरच्या चादरीएवढ्या कागदावर. मी बँकेतला माणूस. आधुनिक कलेचा आणि माझा संबंध कॅलेंडरपुरता. पहिल्यांदा त्यांच्या प्रदर्शनाला गेलो तेव्हा न राहवून विचारलं, "एवढं मोठं कशाला काढायचं?" त्या म्हणाल्या, "लहान काढलं तर तुम्ही चष्मा शोधत बसाल." सही त्या नेहमी मागच्या बाजूला करत. त्यांचं म्हणणं, पुढे चित्राला बोलू द्यावं, आपण मध्ये तोंड घालू नये.

मग त्यांना कंपवाताने गाठलं. उजवा हात थरथरू लागला, खांदा उचलेना. एवढा मोठा कागद आवाक्यात येईना. येणारे-जाणारे सांगत, आता आराम करा. "आराम करायला खुर्ची आहे घरात," त्या म्हणत, "मला काम करायचंय." पण कामाच्या खोलीचं दार बंदच असे. माझ्या बायकोने एकदा भाजीची वाटी नेऊन दिली, तर ताई त्या बंद दारासमोर स्टूल टाकून बसलेल्या. तिने घरी येऊन मला सांगितलं आणि त्या दिवशी आम्ही दोघं नीट जेवलो नाही.

आमच्या वरच्या मजल्यावर निखिल राहायचा. मूळचा यवतमाळचा, इथे सॉफ्टवेअर कंपनीत. लिफ्टमध्ये ताईंशी गप्पा मारता मारता त्याचा जीव जडला. त्याने बुधवार पेठेतल्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांतून छोट्या मोटारी आणि कसले कसले सुटे भाग आणून एक यंत्र जुळवलं. ताईंनी यंत्राला जोडलेल्या मांडीवरच्या पाटीवर वीतभर रेघ ओढायची आणि टेबलावरच्या मोठ्या कागदावर यंत्राने तीच रेघ हातभर ओढायची. पहिलं चित्र झालं ते आम्ही सगळे उभे राहून बघत होतो. दोरीवरची साडी कागदावर अशी सुळकन उतरली की मी टाळ्या वाजवल्या.

ताईंनी कागद उलटा केला. पाठ गुळगुळीत होती.

"सुंदर आहे," त्या म्हणाल्या. "कोणाचं आहे?"

"काकू, तुमचंच तर आहे. फक्त थरथर तेवढी मी काढून टाकली. रेघ साफ यावी म्हणून तेच तर करून राहिलो महिनाभर."

"काढलंस ते परत घाल. आणि मी दाबते तेवढं त्यालाही दाबायला शिकव."

निखिलचा चेहरा पडला, पण त्याने केलं. आता रेघा थरथरत येऊ लागल्या आणि गंमत म्हणजे कपडे वाऱ्यावर हलताहेत असं वाटू लागलं. एका पाहुण्याने कुत्सितपणे विचारलं, "म्हणजे हे यंत्रच काढतं ना?" ताई म्हणाल्या, "पोळी तवा भाजतो. छान झालीय हे तुम्ही तव्याला सांगता का?"

प्रदर्शन ठरलं. दहा चित्रं द्यायची होती. हे आपलं शेवटचं, हे ताईंना माहीत होतं आणि आम्हालाही. सात झाली आणि हात पाटीवरही ठरेना. तारीख तोंडावर आली. तेव्हा निखिल तीन गुंडाळ्या घेऊन खाली ताईंकडे आला. मीही तिथेच बसलो होतो. यंत्रात ताईंच्या सगळ्या रेघा साठलेल्या होत्या, त्यावरून त्याने संगणकाला शिकवलं होतं. थरथर होती, दाब होता, बाल्कनीतल्या पंच्याची ती विशिष्ट घडीसुद्धा होती. "कोणाला कळणार नाही काकू," तो म्हणाला. त्याला त्यांचं प्रदर्शन पुरं झालेलं बघायचं होतं, दुसरं काही नाही.

ताईंनी तिन्ही कागद उलटे केले. बराच वेळ बोट फिरवलं.

"पाठही जमलीय," त्या म्हणाल्या. मग पेन्सिल त्याच्यापुढे धरली. "मागे तुझी सही कर. तिन्ही लावू."

निखिलने पेन्सिल घेतली, कागदावर वाकला आणि तसाच राहिला. मग पेन्सिल खाली ठेवली.

"नाही होत काकू."

"मग मला कशी होईल? चहा टाक, तिघांचा."

प्रदर्शनात सात चित्रं लागली. ताई खुर्चीत बसून होत्या. उरलेल्या जागेकडे बोट दाखवून कुणीतरी विचारलं, "इथे काही नाही का?" त्या म्हणाल्या, "आहे की. भिंत आहे." इतक्या खुशीत मी त्यांना त्याआधी कधी पाहिलं नव्हतं.

पुढच्या उन्हाळ्यात त्या गेल्या. त्या सातांतलं एक चित्र त्यांनी आम्हाला दिलं होतं. दिवाळीच्या साफसफाईला ते भिंतीवरून उतरवलं की मी आधी उलटं करतो. रेघांचे उंचवटे बोटाला लागतात. खाली कोपऱ्यात त्यांचं नाव आहे, प्रत्येक अक्षर वेगळ्या उंचीवर, शेवटचं तर कागदाच्या कडेला जाऊन टेकलेलं. ते लिहायला त्यांना अख्खी सकाळ लागली होती. निखिल शेजारी बसून होता आणि यंत्र चालू होतं, पण सही त्यांनी यंत्राला करू दिली नाही.