तुपाचे हात

परवा माझी नात सई डबा घरीच विसरली, म्हणून मधल्या सुट्टीत मी शाळेत गेले. दुसरीच्या वर्गात तिच्याशेजारी इरा पोळीचा लाडू खात बसली होती. इरा स्वमग्न आहे. घंटेचा आवाज तिला सोसत नाही. सुरुवातीला ती किंचाळत बाकाखाली शिरायची. हिला या शाळेत जमेल का, असं काही पालक तिच्या आईसमोरच विचारायचे. आता घंटा व्हायच्या आधी ती स्वतःच हातांनी कान झाकून घेते.

सुट्टी संपत आली. शिपाईमामा घंटेकडे निघालेले दिसताच सईने तळहात पुढे केले. इराने आपणहून डोकं तिच्याकडे झुकवलं. सईने तिचे कान झाकले, घंटा वाजली आणि इरा शांतपणे लाडू चावत राहिली.

"बाईंनी सांगितलं होतं का गं?" मी विचारलं.

"नाही. तिचे हात तुपाचे होते ना, आजी."

सामावून घेणं वगैरे शब्द आपले, मोठ्यांचे. मुलांना ते ठाऊकही नसतात.

शाळा सुटल्यावर इराच्या आईला मी हे सांगितलं.

"तिला कोणी हात लावलेला चालत नाही हो," ती म्हणाली. "अजून मलासुद्धा नाही."

आणि ती हसली, अगदी मनापासून.