पुढच्या सीटवरचा चौथा

हे वाचणाऱ्यांपैकी निम्मे जण म्हणतील, बाईला भास झाला असेल. म्हणा. तुमच्या जागी मी असते तर मीही तेच म्हटलं असतं, आणि जरा मोठ्यानेच. मिरजेतल्या हॉस्पिटलमध्ये चौतीस वर्षं नर्स होते मी. माणसं जाताना पाहिली, गेल्यावर त्यांना पुसून चादरीत गुंडाळलं आणि पाठोपाठ शेजारच्या खोलीत बसून डबाही खाल्ला. त्यातलं कुणी परत येऊन उभं राहिलं नाही. वॉर्डातल्या मावश्या भुताखेतांच्या गोष्टी सुरू करायच्या, तेव्हा मी त्यांना बेडपॅन धुवायला पाठवायचे.

तरीही हे लिहितेय... कारण डोक्यातून जात नाही.

माझी आई रहिमतपूरला राहायची, गावाबाहेर माहेरच्याच मळ्यातल्या घरात. तेव्हा तिचं वय ऐंशी. तिने आपल्या वडिलांना कधीच पाहिलं नव्हतं. ती पोटात असताना ते सुट्टी संपवून पलटणीत गेले आणि दुसऱ्या महायुद्धात इटलीत मारले गेले. ती जन्मली तेव्हा आजीने मास्तरांकडून पत्र लिहून घेतलं होतं — मुलगी झाली, सुखरूप आहे. त्या पत्राला उत्तर आलं नाही. आली ती तार. आजीने मरेपर्यंत कुंकू पुसलं नाही. "प्रेत बघितलं न्हाई, मग पुसू कशाला?" असं विचारायची. त्यामुळे दहावं नाही, तेरावं नाही, काहीच झालं नाही.

आईचा जन्मभर एकच प्रश्न होता. "सुमे, माजं पत्र बाला पोचलं व्हतं का गं? का मी हाय ह्ये ठावं नसतानाच गेला त्यो?" लहानपणी मला या प्रश्नाचा कंटाळा यायचा. ऐंशीव्या वर्षी तिचं हृदय थकलं, डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगायचं ते सांगितलं, तेव्हा तोच प्रश्न ऐकवेना.

आमचा मुलगा जर्मनीत असतो. दोन वर्षांपूर्वी नोव्हेंबरात मी आणि मिस्टर त्याच्याकडे गेलो होतो. त्याने इंटरनेटवर शोधून काढलं, माझ्या त्या आजोबांचं नाव इटलीतल्या एका युद्ध-दफनभूमीत आहे. ठरलं, तिघांनी जायचं, तिथे एक लोकल गाइड-कम-ड्रायव्हर घ्यायचा, म्हणजे गाडीत चौघं. आयत्या वेळी मुलाला ऑफिसने अडकवलं. राहिलो आम्ही दोघं आणि ड्रायव्हर.

झालं! मिस्टरांचं तोंड उतरलं. "तीन तिगाडा, काम बिगाडा."

यांचं कुपवाडला लेथचं वर्कशॉप आहे. एका सुताचा फरक खपवून घेत नाही हा माणूस, पण तिघं मिळून कामाला निघायचं म्हटलं की याचं पाऊल उचलत नाही. मुलगी बघायला जाताना तिघं झाले तर आमच्याकडे एक दगड उचलून बरोबर घेतात, हा चौथा. काम झालं की "उतर बाबा" म्हणून वाटेत झाडाखाली ठेवतात. आता हॉटेलच्या दारात सगळ्या गुळगुळीत फरश्या, तिथे दगड कुठून आणायचा? मी म्हटलं, "अहो, बसा मुकाट्याने, परक्या माणसासमोर शोभा नको." बसले, पण चुळबुळ चालूच.

ड्रायव्हरचं नाव सिल्वानो. पासष्टीचा, पूर्वी बस चालवायचा, इंग्रजी मोडकंतोडकं. गाडी मात्र आरशासारखी ठेवलेली. दिवसभर धुकं होतं, बारीक पाऊस. दीड तासाने एका टेकडीवर पोचलो. शेकडो पांढरे दगड ओळीने उभे. हिंदू सैनिकांचं तिथे दहन केलं होतं, त्यामुळे त्यांची थडगी नाहीत, एका भिंतीवर नुसती नावं आहेत. सिल्वानोने बोट फिरवत फिरवत आमचं नाव शोधलं. मग भिंतीतलं छोटं दार उघडून रजिस्टर काढलं. त्यात होतं : वय बावीस. अमक्याचा मुलगा, अमकीचा नवरा, राहणार रहिमतपूर, सातारा, इंडिया.

आजीचं नाव तिथे, इतक्या लांब! मला रडू आवरेना. पण मुलीबद्दल एक अक्षर नव्हतं.

मी डोळे पुसून वळले, तर मिस्टर त्याच भिंतीपुढे वाकून खडीतला एक दगड उचलत होते. लिंबाएवढा असेल. "चल बाबा," ते नावाकडे बघत म्हणाले, "तू चौथा."

"अहो, मसणातला दगड?"

"दगड तो दगड. परतीचा प्रवास तरी नीट होईल."

आम्ही दोघं मागे बसलो, दगड यांनी पुढच्या सीटवर ठेवला. गाडी हलली आणि टुं-टुं-टुं सुरू झालं. पुढे बसलेल्याने बेल्ट लावला नाही की वाजतं ते. सिल्वानो हसला. एवढ्या दगडाने वाजत नाही म्हणाला. दगड उचलून पुढे काचेजवळ ठेवला, तरी वाजतंय. यांनी तो आपल्या खिशात घातला, तरी वाजतंय. सीटवर काही म्हणजे काही नाही. शेवटी त्याने गाडी कडेला घेतली, वाकून रिकाम्या सीटचा बेल्ट ओढला आणि खटकन अडकवला. आवाज बंद.

"ओलाव्याने होतं कधी कधी," तो म्हणाला. आम्हीही मान डोलावली.

पण त्यानंतर तो फार हळू चालवायला लागला. वळणावर ब्रेक लावला की त्याचा उजवा हात आपोआप शेजारच्या सीटपुढे आडवा जायचा, लहान मूल पुढे आपटू नये म्हणून आपण धरतो तसा. हॉटेलपाशी आमचं दार उघडलं, मग त्याने पुढचंही दार उघडलं आणि क्षणभर धरून उभा राहिला. का, ते मी विचारलं. तो जरा गोंधळला आणि म्हणाला, "सवय." जोराचा पाऊस आला म्हणून आम्ही आत पळालो. दगडाला "उतर" म्हणायचं राहून गेलं.

मुंबईला विमान पहाटे उतरलं. मिरजेहून इक्बालभाई गाडी घेऊन आले होते. त्यांच्या अब्बांना मी महिनाभर सांभाळलं होतं, तेव्हापासून मला सिस्टरच म्हणतात. थेट रहिमतपूरला जायचं होतं. वाटेत आम्ही नवरा-बायकोने ठरवलं : आईला खोटं सांगायचं. रजिस्टरमध्ये 'एक मुलगी' असं लिहिलंय म्हणून सांगायचं. खोटा धीर मी आयुष्यभर परक्यांना दिला, आईला द्यायला काय हरकत होती?

साताऱ्यापर्यंत सगळं ठीक होतं. हायवे सोडून रहिमतपूरच्या रस्त्याला वळलो मात्र... टुं-टुं-टुं!

"सिस्टर, पुढं काय ठिवलंय का?"

काही नव्हतं. बॅगा डिकीत, आम्ही दोघं मागे. मी यांच्याकडे पाहिलं. यांनी हळूच जाकिटाच्या खिशात हात घातला आणि दगड बाहेर काढला.

"तुम्ही ठेवला नाहीत तो?"

"विसरलो गं..."

मी जे बोलले ते इथे लिहिण्यासारखं नाही. इक्बालभाईंना सगळं सांगावं लागलं. त्यांनी गाडी थांबवली, तोंडातल्या तोंडात काहीतरी पुटपुटले, रिकाम्या सीटला बेल्ट अडकवला. आवाज बंद. "बसू द्या सिस्टर," ते म्हणाले, "लांबनं आलेलं मानूस असंल तर मधीच उतर कसं म्हनायचं?" ऊन चांगलं वर आलं होतं, दोन्हीकडे उसाचे ट्रॅक्टर, समोरून शाळेची पोरं. आणि मी त्या रिकाम्या सीटवरच्या बेल्टकडे बघत बसलेली.

आई ओट्यावर बसली होती. एका डोळ्याला मोतीबिंदू, दुसरा नुकताच ऑपरेशन झालेला. भावाने बॅगा आत नेल्या. वहिनीने चहा आणला, इक्बालभाईंनाही ओट्यावरच दिला. आई मात्र गाडीकडे बघत होती.

"सुमे, त्ये पोरगं कुनाचं गं?"

"कुठलं?"

"म्होरं बसलंय त्ये. सगळी उतरला आन् त्येला का गाडीत ठिवलंय? च्या तरी द्या त्येला."

मला वाटलं, ड्रायव्हरला म्हणतेय. पण पन्नाशीचे, दाढीवाले इक्बालभाई माझ्या शेजारीच बशीत चहा ओतत होते. त्यांनी बशी खाली ठेवली.

मी घाईघाईने विषय बदलला आणि ठरवलेलं खोटं सांगून टाकलं. "आई, तुझं पत्र पोचलं होतं बघ. तिथल्या वहीत लिहिलंय, एक मुलगी म्हणून."

तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "दगुड कुठं हाय?"

दगडाबद्दल आम्ही तिला एक शब्द सांगितला नव्हता. मिस्टरांनी गुपचूप तो तिच्या हातात दिला आणि चोरी पकडल्यासारखे उभे राहिले. "चुकलं आई, मसणातला उचलला मी."

"न्हाई चुकलं जावाई," आई म्हणाली. "मसनातनं दगुड कवा आनत्यात? मानूस गेल्यावं. जीवखडा म्हनत्यात त्येला. माज्या बाचा कुनी आनलाच न्हवता, तुमी आनला."

ज्यांना माहीत नसेल त्यांच्यासाठी : आमच्याकडे दहन झालं की स्मशानातून एक खडा आणतात, दहाव्यापर्यंत सांभाळतात, त्यालाच गेलेला माणूस समजतात आणि दहाव्याला नदीत सोडतात. यांनी तिघांचा चौथा म्हणून दगड उचलला आणि नकळत नेमकं हेच करून बसले होते. तेही नावासमोर उभं राहून, "चल" म्हणून!

आई काठी टेकत गाडीपाशी गेली. आम्हाला तिने हाताने मागेच थांबवलं. पुढचं दार उघडलं, बेल्टचं बटण दाबायला तिला जमेना म्हणून इक्बालभाईंना हाक मारली. ते सोडवून मागे सरले. मग ती दाराशी उभी राहून बोलत राहिली, चांगला अर्धा तास. जिला दहा मिनिटं उभं राहवत नव्हतं ती बाई! शब्द ऐकू येत नव्हते. मधेच एकदा हसली. मधेच पदर डोळ्यांना लावला. मी नाडी बघायला धावणार होते, वहिनीने मला धरून ठेवलं.

परत आल्यावर एवढंच म्हणाली, "धा दिस ऱ्हाऊ दे त्येला."

दहा दिवस दगड देव्हाऱ्याबाहेर कोनाड्यात होता. रोज त्याच्यापुढे ताट वाढलं जायचं. दहाव्या दिवशी सकाळी नदीवर गेलो, भटजींनी सगळं रीतसर केलं. मिस्टर पाण्यात उतरले, दगड सोडताना म्हणाले, "उतरा आता."

आई काठावर खुर्चीत बसली होती. मी तिच्याजवळ खाली बसले. विचारू नये असं वाटत होतं, तरी विचारलंच.

"काय झालं गं त्या दिवशी?"

"त्येला ठावं न्हवतं," आई म्हणाली. "पत्र न्हाई पोचलं. म्या सांगितलं, बा, मी तुजी लेक. हसाय लागला. म्हनतोय, 'आवं आजी, माजी थट्टा करताय व्हय?' मिसरूड फुटल्यालं पोरगं गं नुसतं, तुज्या लेकापरास ल्हान. लय येळ पटंना त्येला."

आजोबांचं वय मी तिला सांगितलं नव्हतं. ती तर जन्मभर मोठ्या मिशांचा, धिप्पाड बाप मनात धरून होती.

"मग?"

"आयचं नाव सांगितलं, घर दावलं. तवा पटलं. मग माज्या त्वांडाकडं बगत बसला..." तिने आपल्या सुरकुतलेल्या गालावरून हात फिरवला. "म्हनला, किती म्हातारी झालीस गं पोरी."

त्यानंतर तिने तो प्रश्न मला पुन्हा कधीच विचारला नाही. फेब्रुवारीत गेली. शेवटचे दोन दिवस मीच तिच्याजवळ होते.

इक्बालभाईंनी गाडी गॅरेजला दाखवली, सेन्सरमध्ये दोष निघाला नाही. मुलाने सिल्वानोला फोन केला, त्याचंही तेच उत्तर. मिस्टरांनी मला कागदावर सर्किट काढून तीन तऱ्हांनी समजावलं आणि चौथ्यांदा समजावताना स्वतःच कागद फाडला. दोन गाड्या, दोन देश, आणि दगडाचं आईला कुणी सांगितलं? मला खरंच कळलेलं नाही. कुणाला कळलं तर जरूर लिहा, मात्र भास म्हणू नका. ऐंशी वर्षांच्या लेकीला बापाकडून एकदा 'पोरी' ऐकायला मिळालं, ते मला भास म्हणून सोडून देता येत नाही.