डोळ्यांच्या डॉक्टरांची फरशी

…तर शेवटचा तुकडा बसला आणि बुडबुडेमामा गुडघे चोळत उठले, इथवर आपण आलो होतो. मामा फरशीवाले. पातळी तपासायच्या पाणसळीच्या काचेतला बुडबुडा मधोमध आल्याखेरीज त्यांचा कशावर म्हणून विश्वास बसत नाही, त्यावरून हे नाव. घरी नवा पलंग आला तर आधी त्यावर पाणसळ. मामी बिचारी उशी काखेत मारून तासभर ताटकळली!

डोळ्यांच्या डॉक्टरांच्या दवाखान्यात त्यांनी पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचे पांढरे, करडे, काळे तुकडे जोडले होते. तीन जुळले की खोकं दिसे. कधी वर आलेलं, तर बघता बघता आत गेलेलं. तीस वर्षांत असं काम हातून झालं नव्हतं. मामा ती फरशी स्वतःच्या पंच्याने पुसायचे!

दवाखाना उघडला आणि गंमत सुरू झाली. पहिल्याच पेशंटने पायरी समजून पाय उचलला आणि दाणकन आपटला. मागची म्हातारी दारातच बसली.

“मी नाही बाई विहिरीत उतरायची!”

“अहो आजी, उतरायचं कुठंय? चढायचंय!” कंपाउंडर म्हणाला.

तेवढ्यात खुद्द डॉक्टर चहाचा कप घेऊन रुबाबात बाहेर आले, खड्डा चुकवायला टुणकन उडाले आणि चहा कोटावर!

“मामा, खड्डे ठेवलेत तुम्ही! उखडा हे सगळं!”

मामांनी पिशवी उघडली. सात ठिकाणी पाणसळ टेकवली. बुडबुडा मधोमध.

“एका पातळीत आहे, डॉक्टर.”

“मग मला दिसतोय तो खड्डा खोटा?”

आता हेच डॉक्टर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवायचे, की डोळा नुसतं टपाल आणून टाकतो, वाचतो तो मेंदू; चित्राचा अर्थ दोन तऱ्हांनी लागत असेल तर एकदा असं वाचतो, एकदा तसं, दोन्ही एकदम काही जमत नाही. माना डोलवून लोकांच्या माना दुखायच्या.

“चष्मा देताना तुम्हीच नाही का सांगितलंत मला हे?” मामा म्हणाले.

“ते पेशंटच्या मेंदूबद्दल!” डॉक्टर कडाडले. “उद्या सकाळी फोडायची. विषय संपला.”

मामांनी फरशीवरून एकवार तळहात फिरवला. पाणसळ पिशवीत घातली आणि अगदी अदबीने म्हणाले,

“फोडतो की. पण फोडूनही खड्डा दिसलाच, तर पुढे काय फोडायचं तेही आत्ताच सांगून ठेवा.”