चालू बोर्डावर गेलेला उजवा हात

अमरावतीच्या दवाखान्यात डॉक्टर म्हणाले, "गँग्रीन आहे." गँग्रीन म्हणजे रक्त न पोहोचल्यानं मांस मरणं. तळव्यावरची जखम बोराएवढी. मी तीच पुढे करत होतो. "वरचं पाहू नका," डॉक्टर म्हणाले. "विजेनं हात आतून शिजलाय. कोपराखाली कापू. थांबलात तर जीव जाईल."

अकोल्याच्या एका जिनिंगमध्ये, कापसातून सरकी वेगळी करणाऱ्या कारखान्यात, मी वायरमन होतो. चालू बोर्डावर काम करायची आमची रीत ठरलेली: पायाखाली कोरडी फळी, डावा हात पाठीमागे. कित्येक वर्षं निभावलं, म्हणून मी तिला विद्या समजत होतो.

डॉक्टरांनी हे सांगितलं त्याच्या दोन दिवस आधी कापसाच्या गाठी बांधणाऱ्या नव्या प्रेसचं उद्घाटन झालं. मंत्री येणार म्हणून जमीन, भिंती, गाडीचे बैलसुद्धा धुतले. ऐन वेळी बोर्डात ठिणग्या उडू लागल्या. "भाषण संपेपर्यंत वीज बंद करायची नाही," मॅनेजरांनी बजावलं. मी फळी टाकली, उभा राहिलो. फळीही धुतलेली होती. वरून सुकलेली, आतून ओली.

माझा हात बोर्डाला चिकटला. झाडू मारणाऱ्या नामदेवनं बांबूनं ढकलून मला सोडवलं. भाषण थांबलं नाही म्हणतात.

डॉक्टरांनी सांगितल्याच्या दुसऱ्या सकाळी हात कापला. पुढे नर्स रोज लघवीची बाटली उजेडात धरायची. रंग कोऱ्या चहासारखा. जळलेल्या स्नायूंमुळे किडनी, म्हणजे मूत्रपिंड, बंद पडू शकते. सहाव्या दिवशी रंग फिकटला. नर्स पहिल्यांदा हसली.

नामदेव भेटायला आला. खाटेजवळ उकिडवा बसला.

"भाऊ, फळी म्याच धुतली. माह्यानं झालं."

"तुले सांगितलं, ते तू केलं."

"मंग चुकी कोनाची?"

"मॅनेजरची. अन् माही. 'बंद करा' म्हनायले मले त्वांड होतं ना."

तो रडला. जीव वाचवणाऱ्याचीच समजूत मी काढत होतो.

हे वाचणारे तुम्ही वायरमन असाल तर मेन स्विच बंद करा, फ्यूज काढून स्वतःच्या खिशात ठेवा, आणि मगच हात घाला. निभावलेल्या दिवसांवर भरवसा ठेवू नका.

आता मी त्याच जिनिंगमध्ये देखरेखीला आहे. परवा नवा वायरमन चालू बोर्डाकडे निघाला. मी डाव्या हातानं मेन खाली ओढला. सरकी काढणारी सगळी यंत्रं थांबली. मॅनेजर धावत आले. "कोणाच्या हुकमानं?"

"माझ्या."

नवा वायरमन काम संपवून बाजूला होईपर्यंत मी स्विचसमोरून हललो नाही.