मागावरची बिडी

बाबांनी हातमागावर बसून कधीच बिडी पेटवली नाही. कानावर अडकवलेली असायची, पण ओढायला ते बाहेर ओट्यावर जायचे. खोलीभर सूत असायचं. "चिनगी पडली त सारं घर जाईन, बाई," म्हणायचे. आमच्या विणकर वस्तीत हा नियम कुणी मोडत नसे. सूत वाचलं, बाबांची फुप्फुसं गेली. बिडीच्या कट्ट्याच्या वेष्टनावर धोक्याचं चित्र छापून कंपनीने मात्र हात झटकले.

धंतोलीच्या दवाखान्यात शेवटी त्यांच्या तोंडावर ऑक्सिजनचा मास्क होता. एका दुपारी तो बाजूला सारून ते मला काहीतरी सांगू लागले. खोकला आला, नर्सने मास्क परत लावला. ते सांगणं राहूनच गेलं.

बाबांच्या युनियनची पत्रकं वाचत मी वाढले, पुढे स्वतः लिहू लागले. तंबाखूविरुद्ध लिहितानाही बोटांत सिगारेट असायची. बाबा गेल्यावर ती सोडायचं ठरवलं. रामदासपेठेतल्या डॉक्टरांनी दंडावर लावायची निकोटिनची पट्टी दिली. "लावून झोपलात तर स्वप्नं फार ठळक पडू शकतात. त्रास झाला तर झोपताना काढा."

पडली. बाबा मागावर, आणि ओठांत पेटलेली बिडी! धूर पाहताच कळलं, हे स्वप्न आहे. कळूनही जाग आली नाही. मी विचारलं, "बाबा, दवाखान्यात काय सांगत होतात?"

"विणकरांच्या छातीवर कंपन्यांनी इमले बांधले," ते म्हणाले.

माझ्याच पत्रकातलं वाक्य. बाबा असं कधी बोलले नसते. तरी मी पट्टी काढेना. रोज तोच प्रश्न, रोज माझंच एखादं वाक्य.

आईला सांगितलं, तर ती हसली. "मागावर बिडी? मेल्यावर बिघडले म्हन तुहे बाबा!" मग थांबून म्हणाली, "मले काहून नाही दिसत वं? मले बी लावून दे ना एक पट्टी."

"आई, तू कधी ओढली नाहीस. तुला ते विषच होईल."

"तुले त दिसते ना."



त्या रात्री स्वप्नात मी काहीच विचारलं नाही. म्हटलं, "बाबा, बाहेर जा ना. सूत आहे."

ते ओशाळले. उठून ओट्यावर गेले. खोलीतला धूर विरला, आणि त्याबरोबर हे स्वप्न आहे हेही मी विसरले. बाहेरून त्यांचा खोकला ऐकू येत होता. मी सुताच्या कांड्या भरत, ते आत यायची वाट पाहत बसले. जाग आली तेव्हाही वाटच पाहत होते.

सकाळी आईने विचारलं, "बोलले काही?"

"नाही. बिडी ओढायला ओट्यावर गेले."

आईने डोळ्यांना पदर लावला. "मंग तेच होते."

त्या दिवसापासून मी झोपताना पट्टी काढून ठेवते.