तीन काळे दगड आणि उंट

आमच्या घरात तंटा असो की सोयरीक, बोलायला मला पुढे करतात. का, ते मला अजून कळलेलं नाही. माझ्या बोलण्याने जुळलेली एकही सोयरीक मला आठवत नाही. तरी २०१७च्या मे महिन्यात पुतणी डहाणूला आमच्याकडे आली आणि म्हणाली, "काका, बाबांशी तुम्हीच बोला," तेव्हा मी लगेच ताठ बसलो.

ती मुंबईत अरबी शिकत होती. बी.ए. झालं होतं, आता विद्यापीठात एम.ए. करायचं होतं, अरबी साहित्यात. दादाचं, म्हणजे माझ्या थोरल्या भावाचं म्हणणं, पुरे झालं. बी.एड. कर आणि जवळच्या शाळेत लाग. प्रवेश सुरू व्हायला आले होते.

तिच्या अरबीचा आम्हाला तोवर एवढाच उपयोग. आखातातून कोणी खजूर आणला, अत्तर आणलं, की शेजारीपाजारी डबी घेऊन तिच्याकडे. एकदा मीही माझ्या केसांच्या तेलाची बाटली दाखवली. कोणीतरी प्रेमाने दिलेली. तिने वाचलं आणि म्हणाली, "काका, हे घोड्याच्या आयाळीसाठी आहे." बाटली अर्धी उरली होती. मी संपवली.

तर आम्ही दादाकडे निघालो. डहाणूहून चारोटी, तिथून तलासरीची जीप, पुढे पाड्यापर्यंत पायी. हातात ताडगोळ्यांची पिशवी, डोक्यात भाषण. जीपमध्ये मी त्याचा सराव केला तेव्हा पुतणी हळूच म्हणाली, "काका, दुबई नका काढू."

"तू गप्प बस. मला अनुभव आहे."

दुपारी जेवायला बसलो. तांदळाची भाकरी, सुकटीची चटणी. पहिल्या घासानंतर मी दुबई काढली. मग मस्कत. मोठमोठी ऑफिसं, पगार, विमान.

वहिनीचा वाढता हात थांबला. "विमानाने? एकटी?"

"एकटी कशी, वहिनी? विमानात शेकडो माणसं असतात."

"म्हणजे एम.ए. केलं की पोरगी परदेशात," दादा म्हणाला. "बरं झालं सांगितलंस. इतके दिवस मी नुसतं नको म्हणत होतो. आता मुळीच नको."

पुतणीने माझ्याकडे बघितलं. उभ्या पिकात शिरलेल्या बकरीकडे बघतात, तसं. मी चटणीकडे बघत राहिलो.

वहिनीने भाकरी वाढत विचारलं, "पण बाय, तुम्ही तिथे वाचता तरी काय?"

"जुन्या कविता. तिकडची माणसं तंबू घेऊन फिरायची. चारा-पाणी संपलं की पुढच्या ठिकाणी. कवी उंटावरून जात असतो आणि त्याला अशी एक सोडून दिलेली जागा दिसते. त्याच्या आवडत्या बाईची माणसं तिथे राहून गेलेली. आता कोणी नाही. राख, आणि चुलीचे तीन काळे दगड. तो सोबत्यांना थांबवतो आणि रडतो. कितीतरी कविता अशाच सुरू होतात."

"सगळे एकमेकांचं बघून लिहायचे की काय?" मी म्हणालो. कोणी लक्ष दिलं नाही.

दादाने हातातला घास ताटात ठेवला. "दगड तीनच?"

"तीनच, बाबा."

"हां." मग तो बोलायला लागला. "आई-बा गवत कापायला समुद्राकडच्या माळावर जायचे, तेव्हा मी असायचो. हा झोळीत होता. काम संपलं की झोपडी मोडायची, दगड तिथेच ठेवायचे. पुढच्या वर्षी गेलो की आई आपले दगड बरोबर ओळखायची. शेजारी दुसरं एक घर असायचं. त्यांचा पोरगा आणि मी खेकडे पकडायचो. एका वर्षी गेलो तर त्यांची चूल होती, माणसं आलीच नाहीत. आमचा एक दगड फुटला होता. पण आईने त्यांच्या दगडाला हात लावू दिला नाही. म्हणाली, येतील."

घरातली प्रत्येक गोष्ट मला ठाऊक आहे, असं मी चारचौघांत सांगत आलो. ही ठाऊक नव्हती. मी तर तिथे होतो, झोळीत, बहुधा रडत. आणि मोठा झाल्यावर मी घरात असताना दादाला बोलायला मिळणार कधी?

"मग पुढे काय करतो तो माणूस?" दादाने पोरीला विचारलं.

"रडून झालं की उंटाचं वर्णन करतो. खूप वेळ."

वहिनीला हसू आलं. "अगं बाई, एवढं रडून उंट?"

"बरोबरच आहे," दादा म्हणाला. "आपण रडलो तरी जनावर उभंच असतं ना. त्याच्यावर बसूनच पुढे जायचंय त्याला. आणि उंटानंतर?"

"ते प्रत्येकाचं वेगळं असतं, बाबा. ते सगळं नीट वाचायचंय मला."

दादाने उठून हात धुतले. पंच्याला पुसत तो दारात उभा राहिला, आमच्याकडे पाठ करून.

"वाच मग," तो म्हणाला. "बी.एड.चं नंतर बघू."

"आणि दुबई?" वहिनीची काळजी अजून विमानातच होती.

"तिकडे हा जाईल," दादाने मागे न बघताच माझ्याकडे बोट केलं. "केसांना तेल लावून."

तेलाचं त्याला कोणी सांगितलं, ते पुतणीने अजून कबूल केलेलं नाही.