झोरा नावाचा ट्रक, झोरा नावाचं बाळ

खरं तर हे कुणाला सांगायचं नव्हतं. आईच्या कामावरचं घराबाहेर बोलायचं नाही असा नियम आहे. आणि शेवटचा किस्सा तर घरातही काढायचा नाही, असं आम्हा दोघींचं न बोलताच ठरलंय. पण किस्सा एकटा असला तर गप्प पडून राहतो. पाच-सहा जमले की आतून ढकलाढकली सुरू होते. माझ्याकडचे तर सगळे एकाच नावाचे आहेत!

ते नाव म्हणजे झोरा. युगोस्लाविया नावाचा एक देश होता, तिकडच्या भाषेत झोरा म्हणजे पहाट. तिकडून मेलबर्नला आलेल्या लोकांनी आमच्या वेरिबीजवळ आपल्या म्हाताऱ्या माणसांसाठी नर्सिंग होम काढलं. आई तिथे केअरर आहे. म्हाताऱ्यांना उठवायचं, आंघोळ घालायची, भरवायचं. लॉकडाउनमध्ये ती शिफ्टवरून आली की बाजूच्या फाटकातून थेट मागच्या खोलीत जायची. तिच्यामुळे आम्हाला काही होऊ नये म्हणून तिथेच राहायची. मी तिचं ताट दाराबाहेर ठेवायचे आणि माझं ताट घेऊन पॅसेजमध्ये बसायचे. मध्ये बंद दार. पलीकडून आई किस्से सांगायची.

ऑनलाइन क्लासमध्ये मी कॅमेरासुद्धा बंद ठेवायचे. पण त्या दाराशी बसून मी खूप हसले, हसू नये अशा गोष्टींना.

* * *

नर्सिंग होमचं नाव झोरा. सात नंबरच्या खोलीतल्या अठ्ठ्याऐंशी वर्षांच्या आजींचं नावही झोरा. (या आजी आता नाहीत. म्हणूनच थोडा धीर आला.) त्यांचं इंग्रजी तुटक, आईचं घाईचं, पण दोघींचं छान जमायचं. आई नवीन असताना तिने विचारलं होतं, “आजी, या घराला तुमचं नाव दिलंय का?”

“छे गं, वर्षा. कमिटीला आवडलं. पहाट म्हणजे कसं, उजेड, आशा, वगैरे.”

खिडकीबाहेर अंत्यसंस्काराची काळी गाडी उभी होती. त्या आठवड्यातली तिसरी. आजींनी तिच्याकडे बोट दाखवलं.

“कमिटीतलं कुणी इथे राहत नाही!”

* * *

आजी ऑस्ट्रेलियात आल्या आल्या बिस्किटांच्या कारखान्यात लागल्या. फोरमनने नाव विचारलं, मग नावाचा अर्थ विचारला आणि बिल्ल्यावर त्याचं इंग्रजी करून टाकलं. डॉन!

आई म्हणाली, “त्याला झोरा म्हणता येत नव्हतं का?”

“येत होतं. म्हणायचं नव्हतं.”

तेवीस वर्षं त्या डॉन होत्या. रिटायर होताना कंपनीने भिंतीवरचं घड्याळ दिलं, त्याच्या मागे कोरलेलं, ‘डॉनला, प्रेमपूर्वक’. आई हे सांगत होती तेव्हा पलीकडच्या खोलीत बाबांची ऑफिसची मीटिंग चालली होती. ते हेडफोन काढून ओरडले, “डॉन? आजींची गँग होती की काय?”

आईने हा विनोद दुसऱ्या दिवशी आजींना सांगितला. आजी शांतपणे म्हणाल्या, “गँग असती तर फोरमन राहिला असता का?”

* * *

इथून पुढे हसणं जरा कमी होतं.

आजींची नात मीला गरोदर होती आणि मुलगी होणार हे कळलं होतं. आजींचा मुलगा स्टेवान, म्हणजे मीलाचे वडील, याने फोन केला. आजींना कमी ऐकू यायचं, म्हणून फोन स्पीकरवर. त्यामुळे आईने सगळं ऐकलं.

“माय, बाळाचं नाव ठरलं. झोरा!”

“नको.”

“अगं, लाजतेस काय!”

“स्टेवान, नको म्हणते ना मी.”

“ऐकलंत? रडायलाच आली बिचारी!” आणि पलीकडे टाळ्या.

आई आजींना म्हणाली, “आमच्याकडेही असंच. पाहुणा नको म्हणाला की आम्ही ताटात अजून एक पोळी वाढतो.”

“आमच्याकडे पण,” आजी म्हणाल्या. “पहिले दोन नको मोजत नाहीत, तिसरा खरा. मी त्याला आतापर्यंत सहा वेळा म्हटलं.”

मग त्यांनी कारण सांगितलं. त्यांच्या आधी त्यांच्या आईला एक मुलगी झाली होती. तिचं नाव झोरा. ती चार वर्षांची होऊन गेली. पुढच्या वर्षी या जन्मल्या आणि तेच नाव यांना दिलं. शाळेची वाट कबरींमधून होती. “मी वाचायला शिकले तेव्हा पहिलं माझंच नाव वाचलं. दगडावर.”

आईने उशी सारखी केली.

“मेलेल्या पोरीचं नाव मी इतकी वर्षं घातलं,” आजी म्हणाल्या. “पार झिजलंय. बाळाला नवीन आणा म्हणावं.”

पण म्हणणार कोण? घरच्यांच्या आपसातल्या गोष्टीत स्टाफने पडायचं नाही, असा आईच्या कामावरचा आणखी एक नियम होता.

* * *

स्टेवानकाकांचा काँक्रीटचा धंदा. त्यांच्या ट्रकच्या दारावर हातभर अक्षरात लिहिलेलं, झोरा. त्याआधी त्यांनी होडी घेतली होती, तिचं नाव झोरा. कुत्रीचं नाव झोरा. “कुत्री बरी होती,” आजी म्हणायच्या. “तिला कुणी ओरडलं की माझ्याकडे पळत यायची.”

आत यायला बंदी होती, म्हणून काका खिडकीबाहेर फुलझाडांच्या वाफ्यात उभे राहून फोनवर बोलायचे. कामावरून कामावर जाताना यायचे, ट्रक घेऊनच. त्या ट्रकचा मागचा ड्रम सारखा फिरता ठेवावा लागतो, नाहीतर आतला माल घट्ट होतो. त्यामुळे मागे कायम घरघर.

एकदा आजींनी बरोबर तोच विषय काढला. “स्टेवान, ते बाळाचं नाव...”

“काय? ऐकू येत नाही, माय! ड्रम चालू आहे!”

“नाव! ठेवू! नको!”

“हो, हो, ठेवणारच! चिंता करू नकोस!” काकांनी काचेवर हात टेकवला, घड्याळ पाहिलं आणि निघाले.

मॅनेजरबाई आत डोकावल्या. “मुलगा आला होता वाटतं?”

“ट्रक आला होता,” आजी म्हणाल्या. “काँक्रीट वाळायच्या आत मला भेटून गेला.”

* * *

मला शाळेत अंतराळ स्थानकावर प्रोजेक्ट होतं. वाचताना सापडलं की त्या स्थानकाचा सगळ्यात पहिला भाग वर गेला त्याचं नाव झार्या. रशियन भाषेतली पहाट! मला इतका आनंद झाला की मी आईला सांगितलं, आजींना नक्की सांग. वाटलं, एक तरी झोरा त्यांना आवडेल.

त्या आठवड्यात त्यांच्या बाजूच्या चार खोल्या रिकाम्या झाल्या होत्या. आजींनी नीट ऐकून घेतलं.

“तिथे माणसं राहतात?”

“राहतात. महिनोन् महिने.”

“बाहेर पडता येत नाही?”

“येतं कधी कधी. तो मोठा सूट चढवून.”

आजींनी आईकडे पायापासून डोक्यापर्यंत पाहिलं. प्लास्टिकचा गाउन, हातमोजे, दोन मास्क, वर चेहऱ्यावरची काच.

“अच्छा! म्हणजे तू रोज तिथून येतेस होय!”

* * *

मीलाला आठवा महिना लागला. आजींनी ठरवलं, तिला पत्र लिहायचं. फोन स्टेवानकाकांसमोर व्हायचा, मग त्यात नको म्हटलं की टाळ्या. पण आजींचे हात थरथरायचे आणि त्यांच्या खोलीतला कागदसुद्धा बाहेर न्यायला परवानगी नव्हती. मग आईने नियम मोडला. ब्रेकमध्ये घरी फोन लावला आणि आजींच्या तोंडाशी धरला. इकडे मी वही-पेन घेऊन बसले.

आजी म्हणाल्या, “लिही. मीला, जिवंत बाळाला मेलेल्या पोरीचं नाव देऊ नकोस. मी विचारत नाही, सांगते आहे. आजी.”

मी लिहिलं. मग विचारलं, “एवढंच?” मी त्यांच्याशी बोललेला तो एकच शब्द.

“एवढंच. लांब पत्रं लोक आपल्याला हवी तशी वाचतात.”

फोन बंद झाला. मी त्या ओळींकडे बघत बसले. आठवा महिना लागलेल्या बाईला हे असं कसं पाठवायचं? मेलेली पोर? आणि ‘विचारत नाही, सांगते’? बाबांना ऑफिसात कुणाला नाही म्हणायचं असलं की ते ईमेलमध्ये आधी दोन ओळी आभार मानतात. मला नेहमी सांगतात, “समोरच्याला लागू नये गं. नाही म्हणायचं, पण गोड.” मला आजींबद्दल कुणाचं वाईट मत व्हायला नको होतं. मी वेगळ्या कागदावर लिहिलं,

‘प्रिय मीला, बाळाला माझं नाव द्यावंसं तुला वाटलं, हा मी माझा फार मोठा मान समजते. मी तुझी मनापासून आभारी आहे. पण केवळ माझ्यासाठी तेच नाव ठेवायला हवं असं कृपया समजू नकोस. तुला दुसरं एखादं आवडत असेल तर मलाही ते आवडेल.’

चार कागद खराब केले. पाचव्यावर निळ्या शाईने, एकही खाडाखोड न करता. बाबांनी ते कोपऱ्यावरच्या पोस्टाच्या पेटीत टाकलं.

“लिहिलंस का गं?” आईने संध्याकाळी दारापलीकडून विचारलं.

“हो.”

“शहाणी माझी.”

* * *

बाळ तीन आठवड्यांचं झालं तेव्हा ते सगळे खिडकीशी आले. त्या दिवशी स्टेवानकाकांनी ट्रक आणला नव्हता. इस्त्रीचा शर्ट घातला होता. मीलाच्या हातात दुपट्यात बाळ. काचेच्या आत व्हीलचेअरवर आजी आणि शेजारी फोन धरून आई.

काकांनी खिशातून एक कागद काढला. घडीवर विरायला आला होता, इतक्यांदा वाचलेला. माझं पत्र.

ते फोनवर मोठ्याने वाचू लागले. ‘फार मोठा मान’पाशी ते अडखळले. त्यांनी ती ओळ परत वाचली.

मीला रडत होती. “आजी, खरं सांगू? मला लेना नाव आवडलं होतं. बाबांना सांगणारही होते. पण तुझं पत्र आलं. तुला इतकं हवंय आणि तरी तू म्हणतेस, माझ्यासाठी ठेवू नकोस! असं वाचल्यावर मी दुसरं नाव कसं ठेवू?”

तिने बाळाला काचेजवळ धरलं. “ही बघ. झोरा!”

आई म्हणते, आजी बाळाकडे बघतच नव्हत्या. काकांच्या हातातल्या कागदाकडे बघत होत्या. काका खुणा करत होते, बोल ना काहीतरी, बोल! आजींनी मान वळवून आईला हळूच विचारलं, “हे तुझ्या मुलीने लिहिलं?”

“हो,” आई म्हणाली.

“तिला सांग, माझ्या वतीने इतकं सभ्य आजवर कुणी बोललं नव्हतं.”

मग त्यांनी काचेवर हात ठेवला. बाहेरून मीलाने बाळाचा हात त्यावर टेकवला. काकांनी फोटो काढला.

आईने मला हे सगळं बंद दारातून सांगितलं, एक शब्द इकडचा तिकडे न करता. मी रडायला लागले ते तिला ऐकू गेलं असणार. ती रागावली नाही. एवढंच म्हणाली, “आज भात कमी वाढ.”

लॉकडाउनमुळे दोनदा पुढे ढकललेला त्या बाळाचा बाप्तिस्मा आज आहे. आम्हाला तिघांनाही बोलावलंय. चर्चच्या हॉलमध्ये तो काचेवरच्या हातांचा फोटो मोठा करून लावलाय, असा मीलाचा आईला मेसेज आलाय. आणि पत्र फ्रेम करून. माझ्या वहीत आजींच्या मूळ ओळी अजून आहेत, त्यांनी सांगितल्या तशा. सकाळी मी ते पान फाडून घडी घालून खिशात ठेवलंय. मीलाला एकटी गाठून द्यावं की

“ईराऽऽ! बाबा गाडीत बसलेत! आणि कार्डवर बाळाचं नाव लिहायचं राहिलंय, तुझं पेन घेऊन ये!”